शालनताईंचे दहा दिवस

शालनताई पेडणेकर आमच्या ऑफिसात पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांनी माझा चहा नाकारला, खुर्ची नाकारली आणि मी तयार केलेल्या करारातली अकरा कलमं नाकारली. चहाचं मला काही वाटलं नाही. कराराचं वाटलं, कारण करार लिहिणं हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि त्यात मी स्वतःला जरा बरा समजत असे.

दुबईत चौदा वर्षं मी हेच करतो. ज्या संस्थेत करतो तिचं नाव सांगण्यात अर्थ नाही. एवढं पुरे की तिथे मोठ्या वयाची, पण स्वतःचं स्वतः करू न शकणारी माणसं राहतात. कुणाला अर्धांगवायू झालेला, कुणी साइटवरून पडलेलं, कुणाला काही आठवेनासं झालेलं. काहींना मुलांनी आणून ठेवलेलं असतं, काहींना कंपनीने. त्यांना लागणारी प्रत्येक गोष्ट, चादरीपासून ऑक्सिजनपर्यंत, बाहेरून करारावर घ्यायची असते आणि ते करार मी करतो. एक दिवस वरून निरोप आला की परदेशी तपासणी मंडळ येणार आहे, आणि त्यांच्या यादीत एक रकाना आहे: रुग्णाचा स्वतंत्र प्रतिनिधी. म्हणजे असा माणूस, जो डॉक्टरांचा नाही, कंपनीचा नाही, नातेवाइकांचाही नाही. ज्याला आपली बाजू मांडता येत नाही त्याच्याशेजारी त्याने बसायचं, त्याला काय हवंय ते काढून घ्यायचं आणि कागदावर मांडायचं. असा माणूस स्वतंत्र हवा, आणि त्याचं बिल मात्र आम्ही भरायचं. मी फार विचार केला नाही. चादरी धुण्याच्या कंत्राटाचा मसुदा काढला, ‘चादरी’ खोडून तिथे ‘प्रतिनिधित्व’ घातलं आणि निविदा काढली.

शालनताई एका छोट्या भाषांतर कंपनीकडून आल्या होत्या. साठीच्या आसपास, बुटक्या, सुती कुडता, दोरीला लावलेला चष्मा आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. खांद्याला एक घडीचं स्टूल लटकवलेलं. मासे पकडायला बसणारे लोक घेऊन जातात तसलं. खुर्ची पुढे केली तर म्हणाल्या, असू दे, माझं मी आणलंय. चहाबद्दल म्हणाल्या, तुमचा चहा प्यायला लागले की मी तुमच्या बाजूने विचार करायला लागेन, मला माझी सवय माहीत आहे. त्यांचा चहा त्यांच्या थर्मासमध्ये होता. मग पेन्सिल काढून त्यांनी माझा करार वाचला. करार वाचणारा माणूस मी त्या दिवशी बऱ्याच वर्षांनी पाहिला. लोक शेवटचं पान उघडून सही करतात.

“यात लिहिलंय,” त्या म्हणाल्या, “सेवा असमाधानकारक आढळल्यास चोवीस तासांत बदली नग पुरवावा. बदली नग म्हणजे मी का?”

मी ओशाळलो. मग त्या पुढच्या कलमावर गेल्या, ज्यात प्रतिनिधीने संस्थेच्या हिताला बाधा येईल असं काही करायचं नाही असं होतं. ते आमचं नेहमीचं वाक्य आहे, प्रत्येक करारात असतं, अगदी झुरळं मारणाऱ्यांच्यासुद्धा. त्या म्हणाल्या की मग ‘स्वतंत्र’ हा शब्द काढा आणि नुसतं प्रतिनिधी म्हणा, माझी काही हरकत नाही. ते वाक्य मी खोडलं. शेवटी गाडी मुदतीवर आली. रुग्णाविषयी काही निर्णय व्हायचा असला तर प्रतिनिधीने तीन कामाच्या दिवसांत अहवाल द्यावा, असं मी लिहिलं होतं. त्यांनी दहा मागितले. तीन दिवसांत माणसाला आपलं नाव कळतं, बाकी काही तो सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी थोडी घासाघीस केली आणि दहा दिले. देताना मला आपण फार उदार आहोत असंही वाटलं. त्या दहा दिवसांचं पुढे काय झालं, ते मला आजही धड विसरता येत नाही.

ताई मूळच्या वेंगुर्ल्याकडच्या. लग्न होऊन शारजाला आल्या आणि पंचवीस वर्षं एका टायपिंग सेंटरमध्ये काम केलं. इथे कुठल्याही सरकारी कामाला अर्ज अरबीत टाइप करून लागतो आणि ते करून देणारी दुकानं गल्लोगल्ली असतात. समोर माणूस बसायचा, आपली रामकहाणी सांगायचा आणि ताईंनी ती चार ओळींत बसवायची. त्यांचे यजमान फुजैरा बंदरात नोकरीला, ते सुट्टीला तेवढे घरी यायचे. त्यामुळे आठवडाभर ताईंना बोलायला गिऱ्हाइकंच होती. त्या सांगायच्या की पंचवीस वर्षं मी लोकांची वाक्यं मोडून अर्जात कोंबली, आता उलटं करून बघतेय. हे त्या हसत सांगायच्या, पण त्यात गंमत नव्हती हे कळायचं.

त्यांची काम करण्याची पद्धत बघून आमच्या लोकांना सुरुवातीला वाटलं की बाई वेळ काढतायत. पहिल्या भेटीत त्या काही विचारायच्याच नाहीत. पलंगाशेजारी स्टूल उघडायच्या, नाव सांगायच्या, बडीशेप चघळत बसायच्या आणि अर्ध्या तासाने ‘येते हं’ म्हणून उठायच्या. पलंगावर कधी बसल्या नाहीत. तेवढंच त्याचं घर आहे, म्हणायच्या. आमच्याकडे भारतीय मजुराला सगळेच ‘तू’ म्हणतात, वॉर्डबॉयपासून डॉक्टरपर्यंत. त्यात वाईट हेतू नसतो, पण म्हणतात. ताई सरसकट ‘तुम्ही’ म्हणायच्या. आणि जे लिहायच्या ते त्या माणसाला वाचून दाखवल्याशिवाय कागद मिटायच्या नाहीत, मग तो शुद्धीत असो वा अर्धा झोपेत.

मीटिंगमध्ये मात्र त्यांची धास्ती बसायची. कुणी म्हणालं, पेशंटला खोली बदलून बरं वाटेल, की ताई पेन्सिल खाली ठेवून विचारायच्या, “हे तुमचं वाक्य झालं. त्याचं कुठंय?” एकदा आमचे मोठे डॉक्टर चिडले. म्हणाले, त्याला बोलता येत असतं तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं? ताई म्हणाल्या, तेच तर, मी तेवढ्यासाठीच आलेय, थोडं थांबा. चिडलेल्या माणसाशी त्या इतक्या सरळ बोलायच्या की तो आणखीच चिडायचा.

‘चालेल’ या शब्दाशी त्यांचं वैर जुळलं ते आमच्या साठेआजोबांमुळे. आजोबा निवृत्त अकाउंटंट, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. मुलगा-सून डिस्कव्हरी गार्डन्सला राहायचे, आमच्याच इमारतीच्या मागे. आजोबांना तोल सांभाळता येईना, घरात दिवसभर कुणी नाही, म्हणून आमच्याकडे ठेवलेले. फाइलमध्ये त्यांच्याविषयी लिहिलेलं होतं की जेवणाबाबत तक्रार नाही. सकाळी त्यांना दालचिनी घातलेली ओट्सची पेज मिळायची. सहा महिने मिळत होती. ताईंनी तिसऱ्या भेटीत विचारलं, आजोबा, पेज आवडते का? आजोबा म्हणाले, नाही हो, दालचिनीने मला मळमळतं. मग सांगितलं का नाही? तर म्हणाले, जेवण आणणाऱ्या मुलीने विचारलं होतं पहिल्या दिवशी, ये चलेगा क्या, मी म्हटलं चालेल.

त्या दिवशी ताई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. “फाटक, तुमच्या फॉर्मवर होय आणि नाही असे दोनच चौकोन आहेत. आपली माणसं या दोन्हीत मावत नाहीत. चालेल म्हणजे होय नव्हे. चालेल म्हणजे मी भांडणार नाही, एवढंच.” मी हसलो, कारण घरी मीही दिवसाला दहा वेळा चालेल म्हणतो. पण फॉर्ममध्ये तिसरा चौकोन काही मी घातला नाही. फॉर्म बदलायचा तर तीन खात्यांच्या सह्या लागतात. साठेआजोबांची पेज तेवढी बंद झाली आणि उपमा सुरू झाला. मराठी माणसाला परदेशात उपमा मिळवून देणं हा ताईंचा आमच्याकडचा सर्वांत मोठा विजय म्हणायला हवा. यापेक्षा मोठा त्यांना आम्ही मिळू दिला नाही.

संतोष कदमची गोष्ट सांगतो. देवरुखकडचा, बेचाळीस वर्षांचा, स्कॅफोल्डिंगचं काम करणारा. मुहैस्नाहच्या कॅम्पात राहायचा, ज्याला आपले लोक सोनापूर म्हणतात. एका सकाळी कामावर जाणाऱ्या बसमध्येच त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. बोलणं गेलं म्हणजे आवाज होता, समजतही बरंच होतं, पण शब्द एकच उरला होता. तो म्हणजे ‘चालेल’. डॉक्टर म्हणाले, असं होतं, अशा माणसांचा एखादाच शब्द शिल्लक राहतो आणि प्रत्येक गोष्टीला तोच बाहेर येतो. पाणी हवं, चालेल. पाय दुखतोय, चालेल. दिवा बंद करा, चालेल. बोलणं परत शिकवणारी बाई आमच्याकडे आठवड्यातून दोनदा यायची, पण ती शिकवायची इंग्रजीतून नाहीतर अरबीतून, आणि संतोषला दोन्ही येत नव्हतं.

त्याच्या वॉर्डची सिस्टर शीजा केरळची, जीव लावणारी मुलगी. तिने कुणा मराठी वॉर्डबॉयला विचारलं की हा सारखं काय म्हणतो. तो म्हणाला, चालणे म्हणजे वॉक. झालं. शीजाने फाइलमध्ये मनापासून नोंद केली की रुग्ण अतिशय आशावादी आहे, मी चालेन असं रोज सांगतो. ताईंनी ते वाचलं आणि हसून हसून त्यांचा चष्मा ओला झाला. शीजाही हसली. मग चष्मा पुसत ताई म्हणाल्या, ह्या माणसाला कोणीही काहीही विचारलं तरी उत्तर तयार आहे. मला तेव्हा त्यांच्या म्हणण्याची भीती कळली नव्हती.

आठ महिन्यांनी डॉक्टरांनी लिहून दिलं की संतोषला आता घरी पाठवता येईल. तो सोमवार होता. नियमाप्रमाणे ताईंना कळवलं गेलं. त्याच दुपारी त्याच्या कंपनीचा पीआरओ, म्हणजे व्हिसा-तिकिटांची कामं करणारा माणूस, आला. हा हिंदी बोलणारा, गडबडीतला, पण दुष्ट वगैरे नव्हे. त्याच्यावर अशा पाच-पन्नास माणसांची कामं होती. त्याने पलंगाशी उभं राहून विचारलं, “घर जाना है ना संतोष? भाई के पास? टिकट निकालूँ?” संतोष म्हणाला, “चालेल.” पीआरओने फॉर्मवर ‘सहमत’ लिहिलं, डाव्या हाताचा अंगठा घेतला आणि शीजाची साक्षीदार म्हणून सही घेतली. शीजाला थोडीफार हिंदी येत होती. चलेगा म्हणजे होय, हे तिला ठाऊक होतं.

भाऊ का, तर पासपोर्टवर पत्ता भावाचा होता आणि कंपनीच्या कागदावर ‘तातडीचा संपर्क’ म्हणून नावही त्याचंच. ते सगळं संतोषच्या लग्नाआधीचं. मधल्या काळात दोन्ही घरांचं इतकं फाटलं होतं की त्याची बायको सुप्रिया मुलीला घेऊन खेडला आईकडे राहायला गेली होती, आणि भाऊ तिला उंबऱ्याच्या आत घेत नव्हता. संतोष भावाकडे गेला असता तर बायको आणि मुलगी त्याला दिसल्या नसत्या. खेडला गेला असता तर तो त्यांच्याबरोबर राहिला असता. एवढाच प्रश्न होता, आणि ज्याचा होता त्याच्याकडे एक शब्द होता.

यातलं काहीही आमच्या फाइलमध्ये नव्हतं. ते शोधून काढलं ताईंनी. आधी त्यांनी त्याची भाषा शिकून घेतली. तुमचं नाव संतोष का, असं विचारलं तर तो चालेल म्हणायचा. तुमचं नाव गणपत का, तरी चालेल म्हणायचा. पण पहिल्या वेळी डावा तळहात चादरीवर सपाट पडलेला असायचा आणि दुसऱ्या वेळी तो चादर मुठीत धरायचा. ताईंनी हे वीस-पंचवीस साध्या प्रश्नांवर पडताळून पाहिलं. मग सोनापूरच्या खोलीतून त्याचा मोबाइल मागवला, चार्ज केला, त्यातले फोटो एकेक करून दाखवले. मुलीचा फोटो आला तेव्हा तो रडला. बुधवारी त्यांनी एका कागदावर दोन घरं काढली, एकावर भावाचा फोटो ठेवला आणि दुसऱ्यावर मायलेकींचा, आणि कुठे जायचंय म्हणून विचारलं. त्याने बोट मुलीवर ठेवलं. शुक्रवारी घरांची जागा उलटसुलट केली, कारण झटका आलेल्या माणसाला कधीकधी एकाच बाजूचं दिसतं. बोट पुन्हा मुलीवर.

सुप्रियालाही त्यांनी फोन केला होता. ती म्हणाली, त्यांना इकडे आणा, मी बघते त्यांचं, मुलगी रोज विचारते.

शुक्रवारी दुपारी, म्हणजे आमचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस संपताना, ताई मला लिफ्टपाशी भेटल्या आणि हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, मग द्या ना लिहून. त्या म्हणाल्या, दोनदा झालंय, तिसऱ्यांदा विचारायचंय, वेगळ्या दिवशी, सकाळच्या वेळी. तीनदा एकच उत्तर आलं की कुणी म्हणायला नको की बाईने बोट धरून ठेवलं. घाई नाही ना? मी मनात हिशोब केला. दहा कामाचे दिवस म्हणजे पुढच्या आठवड्याचा शुक्रवार. म्हटलं, छे, भरपूर वेळ आहे. शनिवार-रविवार त्यांना आत येता येत नव्हतं. गेटपास कामाच्या दिवसांचाच होता, तोही माझ्याच करारातला.

संतोषच्या कंपनीबरोबरचा आमचा करारही मीच लिहिलेला. त्यात असं होतं की डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून सात दिवसांत रुग्णाला हलवावं. नुसते सात दिवस, कामाचे नव्हेत. पलंग अडून राहू नये म्हणून ते कलम घातलं तेव्हा माझी पाठ थोपटली गेली होती. माझेच दोन कागद, एकाच कपाटात, आणि एकाने दुसऱ्याला कधी पाहिलेलं नव्हतं. करार लिहिणाऱ्याने हे बघायचं असतं. मी बघितलं नाही. याला मी चूक म्हणतो, पण तो शब्द मला फार सोयीचा वाटतो.

रविवारी मी मुलीबरोबर सुपरमार्केटात होतो. फोनवर आमच्या डिस्चार्ज विभागाचा मेल आला की संतोष कदमचं संध्याकाळचं तिकीट आहे, सोबत नर्स आहे, संमतीपत्र आहे, कराराप्रमाणे ठीक आहे ना? मी सात दिवस मोजले. बरोबर होते. मुलगी विचारत होती, “बाबा, कॅन वी गेट द अदर वन?” मी तिला हो म्हणालो आणि मेलला ‘ओके’ लिहिलं. ताई मला आठवल्यासुद्धा नाहीत. खोटं कशाला सांगू, मला त्या सोमवारी सकाळी थेट वॉर्डच्या दारातून दिसल्या तेव्हाच आठवल्या.

पलंगावर नवी चादर होती. ताई स्टूल उघडून त्या रिकाम्या पलंगाशेजारी बसल्या होत्या. शीजा दाराशी उभी राहून रडत होती. सही मी केली मॅडम, पण मला वाटलं तो हो म्हणाला, असं ती पुन्हा पुन्हा हिंदीत सांगत होती. ताईंनी तिला जवळ बोलावलं आणि तिचा हात धरून ठेवला. मग मला विचारलं, कुठल्या घरी? मी म्हटलं, पासपोर्टवरच्या.

दुपारी त्या माझ्याकडे आल्या आणि त्या वर्षात पहिल्यांदाच खुर्चीवर बसल्या. मी बोलायला सुरुवात केली, दोन करार, सात दिवस, माझ्या लक्षात यायला हवं होतं वगैरे. त्यांनी हाताने थांबवलं.

“दहा दिवस मीच मागितले होते ना, फाटक?”

मी हो म्हणालो.

“तीन असते तर मी बुधवारीच लिहून दिलं असतं.”

ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांना माझा राग आलाच नव्हता, त्यांना स्वतःचा आला होता. मी म्हणालो की तुमची काही चूक नाही. त्या म्हणाल्या, हे तुमचं वाक्य झालं. मग उठून गेल्या.

अहवाल त्यांनी तरीही दिला, दुसऱ्या दिवशी. एक पान. डाव्या हाताच्या खुणा, त्या कशा पडताळल्या, बुधवारचं उत्तर, शुक्रवारचं उत्तर, आणि शेवटी एक ओळ की संतोष कदम यांना पत्नी व मुलीजवळ राहायचं आहे. खाली लिहिलेलं की हा मजकूर त्यांना वाचून दाखवता आला नाही. मुदतीच्या तीन दिवस आधी मिळाला म्हणून मी त्यावर तारखेसह ‘प्राप्त’ असा शिक्का मारला आणि फाइल बंद केली. आम्ही भावाला फोन केला. तो म्हणाला, माणूस सुखरूप पोचलाय, आता तुमचा संबंध संपला. कायद्याने ते खरं होतं.

तपासणी मंडळ येऊन गेलं, रकान्यात बरोबरची खूण झाली. मग माझ्याकडे ताईंच्या कामाचा वार्षिक तक्ता आला. त्यात ‘निष्पत्ती’ या रकान्यात त्यांनी जागोजागी एकच शब्द लिहिला होता: ‘ऐकलं’. वरिष्ठांनी विचारलं, हे काय आहे? मी समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि करार वाढवू नका म्हणाले. ताईंना कळवणारं पत्र मीच लिहिलं. कराराप्रमाणे त्यांनी सगळे कागद, सगळ्या प्रती परत केल्या. मी यादी करून त्यांना पोच दिली. जाताना साठेआजोबांना भेटून गेल्या, मला नाही.

जुलैमध्ये त्या पुन्हा आल्या. रिसेप्शनवरून फोन आला की कुणी पेडणेकर मॅडम आहेत, पास नाही, खाली या. बाहेर नुसतं उभं राहवत नव्हतं इतकं ऊन होतं आणि त्या शारजाहून दोन बस बदलून आल्या होत्या. घामाने चष्मा घसरत होता. मी चहा विचारायला धजलो नाही.

सुप्रियाचा फोन आला होता त्यांना. ती देवरुखला जाऊन आली. भावाने तिला दारातच अंगठ्याचा कागद दाखवला, की बघ, त्याने स्वतः इकडे यायचं कबूल केलंय. आतून संतोषचा आवाज येत होता, चालेल, चालेल. पोलीस पाटलांनी तिला सांगितलं, बाई, त्याची इच्छा वेगळी होती असा तिकडचा कागद असेल तर आण, मी मधे पडतो. म्हणून ताईंना त्यांचाच अहवाल हवा होता. एक प्रत, शिक्क्यासकट.

मी त्यांना बसवलं आणि वर जाऊन आमच्या कायदा विभागाला विचारलं. पंधरा मिनिटांत उत्तर घेऊन खाली आलो. रुग्णाची माहिती गोपनीय आहे, ती त्याच्या लेखी परवानगीशिवाय कुणालाही देता येत नाही.

ताईंनी ऐकून घेतलं. “त्याला लिहिता येत नाही.”

“मग त्याच्या वतीने कुणीतरी त्याची इच्छा विचारून घ्यायची, असं आहे.”

“कुणी?”

“स्वतंत्र प्रतिनिधीने.”

“तो कोण आहे सध्या?”

“सध्या कोणी नाही,” मी म्हणालो.

हे बोलताना मला माझीच इतकी लाज वाटली की मी काउंटरवरचा पेन सरळ करत बसलो. ताईंनी पर्समधून पेन्सिल काढली. एक कोरा कागद मिळेल का, म्हणाल्या. मी प्रिंटरमधले चार-पाच काढून दिले. त्यांनी एकच घेतला. अजून मला आठवतंय सगळं, त्या म्हणाल्या, शिक्का नसला तरी तिच्या हातात काहीतरी असू दे. मग काचेच्या दारातून बाहेर गेल्या.

गेटसमोर बसस्टॉप आहे, वर पत्रा असलेला नुसता बाक. वर माझ्या खिडकीतून तो दिसतो, तिथे मी येऊन बसलो. ताई बाकावर बसल्या, पर्स मांडीवर आडवी घेतली, तिच्यावर कागद ठेवला आणि पेन्सिलीने लिहायला लागल्या. मधेच थांबून डोळे मिटून आठवायच्या, तेव्हा त्यांचा डावा हात आपोआप उघडायचा आणि मिटायचा. एक बस आली, थांबली, त्यांनी मान वर केली नाही, बस गेली. माझ्याकडे तीन वाजता मीटिंग होती आणि समोर नवी निविदा उघडी होती, त्याच सेवेची, मुदत तीन दिवस. अहवाल मागच्या कपाटात होता आणि शिक्का माझ्या उजव्या हाताच्या खणात. गेटपर्यंत साठ-सत्तर पावलं असतील. मी खण उघडला, शिक्का पाहिला, आणि दुसरी बस येऊन ताई त्यात चढेपर्यंत तसाच बसून राहिलो.